अकरा वर्षांच्या वाचकाला त्याची कादंबरी द्या : मराठी बालकुमार प्रकाशकांना खुले पत्र

प्रति,
मराठी बालकुमार पुस्तकांचे प्रकाशक आणि संपादक यांस,

विषय : पाचवी ते आठवीच्या मुलामुलींसाठी मैत्रीच्या कादंबऱ्या छापण्याबाबत

स. न. वि. वि.

मी एका तालुक्याच्या गावात सार्वजनिक वाचनालयाचा बालविभाग सांभाळते. देवघेवीच्या टेबलावर बसणं, दाखलनोंद करणं, सुटलेली पानं चिकटवणं आणि ग्रंथखरेदीच्या वेळी तुमच्या सूचिपत्रांवर खुणा करणं, हे माझं काम. चौथीपर्यंतच्या मुलांचा विभाग उघडला की खुणा इतक्या होतात की निम्म्या खोडाव्या लागतात, पैसे पुरत नाहीत. माधुरी पुरंदरे यांची पुस्तकं तर आम्ही पुन्हा पुन्हा घेतो, कारण ती वाचून वाचून फाटतात. नववी-दहावीची वाचणारी मुलं आपली आपणच मोठ्यांच्या कपाटांकडे वळतात, त्यांना अडवायचं काही कारण नाही. अडचण मधल्या चार इयत्तांची आहे. दहा ते तेरा वर्षांच्या मुलांसाठी कादंबरी शोधायला घेतली की सूचिपत्रात मला बहुतेक करून तीनच प्रकार दिसतात : रहस्य, साहस आणि संस्कार. थोरांची चरित्रं असतात ढिगाने, पण ती मी कादंबरीत धरत नाही.

रहस्य-साहसाबद्दल माझी तक्रार नाही. भा. रा. भागवतांचा फुरसुंगीचा बनेश फेणे सायकलवर टांग टाकून निघाला की सहावीतला पोरगा आजही पुस्तक खाली ठेवत नाही. दिलीप प्रभावळकरांच्या ‘बोक्या सातबंडे’ला 2011 साली साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला, तो मिळाला नसता तरी बोक्या आमच्याकडे तेवढाच फिरला असता. ही पुस्तकं छापत राहा. पण फास्टर फेणे मोठा होत नाही. कितीही पुस्तकं झाली तरी तो शाळकरीच राहतो, त्याचा आवाज फुटत नाही, चोर सापडला की गोष्ट संपते. आमच्या वाचकांच्या आयुष्यात चोर क्वचित येतो. रोज येतो तो बाकावरचा शेजारी. आणि एका सोमवारी तो शेजारी दप्तर उचलून, काही न बोलता, तिसऱ्या रांगेत दुसऱ्याच कुणाशेजारी जाऊन बसतो. याची कादंबरी कुठे आहे?

तुम्ही म्हणाल, मराठीत लहानपणाबद्दल इतकं सुंदर लिहिलं गेलंय, आणखी काय पाहिजे? खरं आहे. साने गुरुजींनी 1933 साली नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिलं. प्रकाश नारायण संतांनी ‘वनवास’पासून ‘झुंबर’पर्यंत चार पुस्तकांत लंपन उभा केला. मिलिंद बोकिलांची ‘शाळा’ 2004 साली आली आणि आणीबाणीच्या दिवसांतला नववीचा वर्ग घराघरात पोचला. पण ही पुस्तकं नीट पाहा. श्याम आश्रमात मोठा झाल्यावर रात्री मित्रांना आपलं लहानपण सांगतो आहे. लंपन आणि ‘शाळा’तला मुकुंद स्वतःच बोलतात, पण त्यांना बोलवणारा लेखक मोठा आहे आणि ऐकणाराही मोठा धरलेला आहे. लंपनची खरी मजा ज्याला कळते, त्याला आपलं लहानपण संपल्याची चुटपुट आधी लागलेली असते. सातवीतल्या मुलीचं अजून काहीच संपलेलं नाही. ती त्या गोंधळाच्या मधोमध उभी आहे, आणि तिला मागे वळून पाहणारं पुस्तक नको आहे, आत्ता काय चाललंय ते सांगणारं पाहिजे आहे.

‘शाळा’चं सांगायचं तर, 2012 साली चित्रपट आला तेव्हापासून आठवीची मुलं ती मागतात. मी देते. घरून चिठ्ठी आणा वगैरे म्हणत नाही. पण त्यातली बरीचशी पुस्तक अर्ध्यात परत आणतात. त्यात त्यांची चूक नाही आणि बोकिलांची तर नाहीच. ते पुस्तक त्यांच्यासाठी लिहिलेलंच नव्हतं.

एका मुलीबद्दल सांगते. सहावीतली, बोलायला फटकळ. पुस्तक हातात घेतलं की आधी शेवटची दोन पानं वाचायची. एकदा मला म्हणाली, “ताई, मैत्रिणींच्या भांडणाचं काही आहे का? पण शेवटी मिटलेलं नको.” मी कपाट धुंडाळलं. मुलगे-मुलगे भांडतात अशी चार-सहा पुस्तकं निघाली. सगळ्यांत शेवटी बाई किंवा आजोबा येतात आणि दोघांचे हात एकमेकांच्या हातात देतात. ती पानं तिने तिथल्या तिथे पाहिली आणि पुस्तकं परत केली. शेवटी मी तिला शांता शेळक्यांची ‘चौघीजणी’ दिली, ‘लिटल विमेन’चा अनुवाद. परत आणली तेव्हा म्हणाली, “एमी ज्योची वही जाळते ना, ते मी दोनदा वाचलं.” आता बघा, आमच्या गावातल्या मुलीला तिच्या मनातला राग सापडला तो कुठे, तर यादवी युद्धाच्या काळातल्या एका अमेरिकन घरात, 1868 साली पहिल्यांदा छापलेल्या पुस्तकात. शांताबाईंचे उपकार आहेतच. ‘तोत्तोचान’च्या अनुवादाचेही आहेत, ती जपानी शाळा आमच्या मुलांना पाठ आहे. पण तुमच्या सूचिपत्रात त्या मुलीच्या वर्गातलं भांडण का नाही?

पुस्तकाच्या शेवटच्या कोऱ्या पानाला आम्ही तारखेची चिठ्ठी चिकटवतो. तिच्यावरचे शिक्के वाचायला शिकलं की समीक्षकांची गरज राहत नाही. संस्कारांच्या कित्येक कादंबऱ्या आमच्याकडे अशा आहेत की मुखपृष्ठावर पुरस्काराची सोनेरी गोल मोहर आहे आणि मागच्या चिठ्ठीवर दोन शिक्के. त्यातला एक बहुधा वक्तृत्व स्पर्धेच्या आठवड्यातला. आणखी एक खूण आहे, ती कुणी मुद्दाम करत नाही. पुस्तकाची पानं कडेने पाहिली की मधेच एखादा मळकट पट्टा दिसतो. तिथे उघडायचं. तिथे हमखास दोन मुलं एकमेकांशी बोलत असतात आणि आसपास मोठं माणूस नसतं. संपादकांनी एखाद्या वाचनालयात जाऊन एवढं जरी पाहिलं, तरी पुढचं हस्तलिखित वाचताना त्यांचा हात कुठे थांबायला हवा ते कळेल.

मला माहीत आहे, तुमचं पहिलं उत्तर ‘पालकांना चालत नाही’ हे असतं. ग्रंथप्रदर्शनात स्टॉलवर मी ते ऐकलेलं आहे. पुस्तक विकत घेतो तो बाप, आणि बापाला पुस्तकातून काहीतरी ‘मिळायला’ हवं असतं. ठीक आहे. पण या वयात काय काय होतं ते एकदा स्पष्ट बोलू. कित्येक मुलींना पाचवी-सहावीत पाळी येते. शाळेत पॅडची यंत्रं बसवलेली आहेत, टीव्हीवर दर अर्ध्या तासाला जाहिरात आहे, ‘गुड टच बॅड टच’चा तास होतो, आरोग्यसेविका येऊन पत्रकं वाटून जाते. सगळीकडे विषय आहे, फक्त मराठी कादंबरीतल्या बारा वर्षांच्या मुलीला पाळी येत नाही. अमेरिकेत ज्युडी ब्लूम यांनी हे 1970 साली केलं. अकरा वर्षांची मार्गारेट न्यूयॉर्क सोडून न्यू जर्सीला राहायला येते, नव्या मैत्रिणी करते, त्यांच्यात कुणाला आधी पाळी येते याची चढाओढ चालते आणि ती देवाशी गप्पा मारते. तिथेही पालक चिडले, कित्येक शाळांनी आणि ग्रंथालयांनी पुस्तक काढून टाकलं. पुस्तक मात्र टिकलं. 2023 साली त्यावर चित्रपट निघाला. कॅथरीन पॅटरसन यांच्या मुलाची मैत्रीण वीज पडून गेली, आणि त्यांनी 1977 साली दहा वर्षांच्या दोन मित्रमैत्रिणींची कादंबरी लिहिली, जिच्यात एक जण अचानक मरतो आणि दुसऱ्याला शाळेत जावंच लागतं. त्या पुस्तकाला दुसऱ्या वर्षी न्यूबेरी पदक, म्हणजे अमेरिकेतला बालसाहित्याचा मोठा पुरस्कार, मिळालं. पालकांच्या तक्रारी त्याच्याही वाट्याला आल्या. तेव्हा ‘चालत नाही’ ही अडचण फक्त आपल्याकडेच आहे असं नाही. ती सगळीकडे असते आणि कुणीतरी प्रकाशक ती अंगावर घेतो.

गैरसमज नको : मी पाळीवर पुस्तक मागत नाहीये. माहितीपुस्तिका पुष्कळ आहेत आणि त्या त्यांच्या जागी ठीक आहेत. मला अशी कादंबरी पाहिजे, जिच्यात कालपर्यंत वाड्यातल्या पोरांबरोबर लगोरी खेळणारी मुलगी एका दिवसापासून ओट्यावर बसून राहते, आणि लगोरी रचणाऱ्या तिच्या दोस्ताला कुणी काही सांगत नाही. तो तिला हाका मारतो. तिची आई सांगते, “ती आता येणार नाही खेळायला.” ‘आता’ म्हणजे काय, ते त्याला कळत नाही. त्याला वाटतं, आपलं काहीतरी चुकलं. माझ्या दृष्टीने ही गोष्ट त्या मुलाचीही तितकीच आहे. या वयात मुलग्यांची एक जवळची मैत्रीण कारण न सांगता काढून घेतली जाते, आणि त्यावर मराठीत मुलग्यांसाठी कुणी काही लिहिलेलं माझ्या कपाटात तरी नाही. मुलगे भावनांची पुस्तकं वाचत नाहीत, असं तुमच्यातले काही म्हणतात. जे पुस्तक अजून छापलंच नाही, ते कोण वाचत नाही हे तुम्हाला कसं कळलं?

विषय संपलेत का? मला तर टेबलावर बसल्या बसल्या ते दिसतात. पाचवीत दोन मैत्रिणी एकाच गाइडमधून नवोदयचा अभ्यास करतात, यादीत एकीचाच नंबर लागतो, आणि जूनमध्ये ती पत्र्याची पेटी घेऊन निवासी शाळेत निघून जाते. हायस्कूलमध्ये सेमी इंग्रजीची तुकडी ‘अ’ आणि मराठीची ‘ब’. चौथीपर्यंत एका बाकावर बसलेले दोघे जण एका चाचणीच्या मार्कांवरून वेगळे होतात आणि मधल्या सुट्टीतही ‘अ’वाले ‘अ’वाल्यांतच डबा खातात. गोव्यात तर चौथीपर्यंत मराठी शाळेत शिकलेलं मूल पाचवीत एकदम इंग्रजी माध्यमात जाऊन बसतं. ज्याला घरी इंग्रजी येतं आणि ज्याला येत नाही, त्यांच्या मैत्रीचं पहिल्या महिन्यात काय होत असेल? वाडीवरून हायस्कूलला येणाऱ्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत एसटीचा पास फुकट मिळतो. तिच्याच आळीतल्या मुलाला सवलतीच्या पासाचेही पैसे भरावे लागतात, ते घरात नसले तर तो सायकल हाणतो. दोघं एकाच वेळी निघतात, एकाच शाळेत पोचतात, पण सोबत कधीच नाहीत. एवढ्यावर दीडशे पानं होतील.

ऊसतोडीचं तर मी थोडं सविस्तर बोलते, कारण आमच्या भागात ते दर वर्षी दिसतं. दसरा झाला की कोयते निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाची उचल घेतलेली असते, ट्रॅक्टर गावात येतो, भांडीकुंडी, शेळी, धाकटं मूल सगळं वर चढतं. पाचवी-सहावीतली मुलगी कधी आजीजवळ मागे ठेवतात, कधी हंगामी वसतिगृहात, आणि कधी सोबत नेतात, कारण फडावर लहान भावंडाला सांभाळायला कुणीतरी लागतं. वर्गात हजेरी घेताना गुरुजी ते नाव उच्चारतात आणि पुढे जातात. बाकावर शेजारची मुलगी एकटी उरते. उन्हाळा लागता लागता दोस्त परत येते तेव्हा ती उंच झालेली असते, हाताला घट्टे पडलेले असतात, ती दुसऱ्याच जिल्ह्यातले शब्द बोलते आणि गणितात मागे पडलेली असते. शेजारणीने मधल्या काळात दुसरी मैत्रीण केलेली असते. आता कुणी काय करायचं? या विषयावर वर्तमानपत्रांत लेखमाला येतात, अहवाल निघतात, मोठ्यांच्या कथा-कवितांतही ऊसतोड आली. पण ज्या मुलीच्या शेजारची जागा रिकामी झाली, तिच्या नजरेतून, तिच्याच वयाच्या वाचकासाठी ती कादंबरी कुणी लिहिली तर मी ती कपाटात ठेवणारच नाही, टेबलावरच ठेवीन. फक्त एक करा. ती लिहिताना कणव आणू नका. आमच्याकडे ऊसतोडीच्या घरची मुलंही सभासद आहेत. त्यांना आपल्यावर कुणी कणव केलेली पानं वाचायला लावणं मला जमणार नाही.

जातीचंही तेच. डबा कुणाचा खायचा आणि कुणाचा नाही, जयंतीच्या मिरवणुकीत कोण कुणाच्या बाजूने चालतं, हे पोरांना दहाव्या वर्षी कळतं. मोठ्यांना वाटतं कळत नाही. आणि मोबाइल. वर्गाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप बाईंनी अभ्यासासाठी काढलेला असतो, आईच्या फोनवर. त्याच्या शेजारी मुलांनी दुसरा काढलेला असतो, ज्यात एकाला घेतलेलं नसतं. ‘मला अ‍ॅड का नाही केलं’ हे वाक्य मी या टेबलापाशी रडक्या आवाजात ऐकलं आहे. तुमच्या कादंबऱ्यांत मोबाइल येतो तो व्यसन म्हणून, आणि शेवटच्या प्रकरणात तो कपाटात ठेवून मुलं अंगणात आट्यापाट्या खेळू लागतात. मुलं हे वाचून हसतात हो. मोठ्याने हसतात.

म्हणून लेखकांकडे हस्तलिखित परत पाठवताना एक गोष्ट सांगा. मोठं माणूस शेवटी येऊन सगळं मिटवतं, ते प्रकरण काढून टाका. मैत्री तुटते तेव्हा ती बहुतेक वेळा कुणी जोडून देत नाही. काही दिवसांनी दुसरं काहीतरी सुरू होतं, एवढंच. बारा वर्षांच्या वाचकाला हे ठाऊक असतं आणि आपलं पुस्तक त्याला ते ठाऊक नसल्यासारखं वागतं. या वयाला उपदेश चटकन ओळखू येतो, औषध गुळात घालून दिलं तरी. दुसरं, बोली. वऱ्हाडातल्या मुलाने पुस्तकात ‘मी जातो आहे’ म्हणायची काही गरज नाही. लंपनच्या बोलण्यात बेळगावकडचं पाणी आहे म्हणून तो जिवंत आहे. मालवणी, अहिराणी, मराठवाडी बोलणारी मुलं आपापसात भांडतात तीही त्याच भाषेत. ती भाषा शुद्ध करून छापलीत तर भांडणाचा जीवच जातो. आणि वाक्यं सोपी करण्याच्या नावाखाली पोरकट करू नका. या वयाची मुलं गुगलवरून डायनासोरची लॅटिन नावं पाठ करतात. त्यांना अवघड शब्दाची भीती नाही, कंटाळ्याची आहे.

पानांचंही एकदा बोलून टाकते. किंमत कमी ठेवायची म्हणून तुम्ही बालकादंबरी सहा फॉर्मांत, शहाण्णव पानांत बसवता. त्यात भांडण सुरू होईपर्यंत पुस्तक संपत आलेलं असतं, मग ते दोन पानांत मिटवावं लागतं. संस्कारांचा अर्धा दोष या पानांच्या हिशेबाचा आहे, असं माझं मत झालंय. जी मुलं इंग्रजीतली जाडजूड पुस्तकं एका सुट्टीत संपवतात, त्यांना दोनशे पानांची मराठी कादंबरी झेपत नाही हे मी मानत नाही. अक्षर थोडं मोठं ठेवा, प्रकरणं लहान ठेवा, कागद साधा चालेल. चित्रं द्या, पण चित्रकाराला हस्तलिखित वाचायला द्या. सातवीतली मुलगी चित्रात बाहुलीसारखी काढलेली असली की ते पुस्तक सातवीतली मुलगी चारचौघांत हातात धरत नाही. मुखपृष्ठावर ‘बालकादंबरी’ असं ठळक छापणं तर थांबवाच. पाठीमागे बारीक अक्षरात वय लिहा, आम्हाला तेवढं पुरतं.

आता पैशांचं. हजाराची आवृत्ती खपायला तीन वर्षं लागतात, हे तुमचं रडगाणं मी खोटं म्हणत नाही. पण गणित करून बघा. राज्यात 1967 च्या ग्रंथालय कायद्याखाली मान्यता मिळालेली अकरा हजारांच्या वर सार्वजनिक ग्रंथालयं आहेत. त्यातल्या दहातल्या एकाने एक प्रत घेतली तरी तुमची आवृत्ती संपते. घेत का नाहीत? एक तर खरेदीच्या मोसमात आमच्या दाराशी जे गठ्ठे येतात ते सवलतीच्या टक्क्यांवर येतात. सवलत जितकी मोठी तितकं पुस्तक पडीक, हा माझा अनुभव. आणि दुसरं, घ्यावं असं मधल्या वयाचं पुस्तक नसतंच. यात ग्रंथालयांचा दोष आहे, तो मी माझ्या माणसांना वेगळा सांगेन. शासन बालवाङ्मयातल्या कादंबरीला साने गुरुजींच्या नावाने स्वतंत्र पुरस्कार देतं. मराठी 2024 पासून अभिजात आहे. या दोन्ही गोष्टींचा मला आनंद आहे, पण अभिजात भाषेत अकरा वर्षांच्या मुलीचं दुःख सांगणारी दहा पुस्तकं काढायला सांगितली तर घाम फुटतो.

पुस्तक काढायचं धाडस लगेच होत नसेल, तर आपल्याकडे दिवाळी अंक आहेत. बंगालीत मुलांच्या मासिकांचे पूजा अंक अख्ख्या कादंबऱ्या छापतात. सत्यजित राय यांचा गुप्तहेर फेलूदा 1965 साली अवतरला तोही ‘संदेश’ या मुलांच्या मासिकातूनच. बालभारतीचं ‘किशोर’ 1971 पासून चालू आहे, ‘साधना’चा बालकुमार दिवाळी अंक शाळाशाळांत पोचतो, ‘वयम्’ आहे. यातल्या कुणाशी बोलून एका वर्षी एक छोटी कादंबरी संपूर्ण द्या, साठ-सत्तर पानांची. मुलांची पत्रं आली तर वाढवून पुस्तक करा. नाही आली तर तुमचं फारसं काही गेलं नाही.

आणि लेखक शोधताना त्याच त्याच नावांकडे जाऊ नका. ज्यांचं शेवटचं शाळकरी मूल केव्हाच परदेशी स्थायिक झालं, त्यांच्याकडून आजचा वर्ग लिहून घेणं त्यांच्यावरही अन्याय आहे. जिल्हा परिषदेच्या शाळांत पंचवीस-तिशीतले शिक्षक आणि शिक्षिका आहेत. त्यांच्यातले बरेच जण उत्तम लिहितात, फेसबुकवर लिहितात, त्यांना कुणी ‘कादंबरी करा’ म्हणत नाही. त्यांना विचारा, आगाऊ मानधन द्या, आणि वर्षभर संपादक मागे लावा. संपादक लावणं मी मुद्दाम म्हणते. मुद्रितशोधन म्हणजे संपादन नव्हे, हे तुम्हाला मी सांगायला नको.

माझ्याकडून जे होण्यासारखं आहे ते सांगते आणि थांबते. आमच्या बालविभागात शनिवारी दुपारी पाचवी ते आठवीची मुलं वाचायला बसतात. या वयाच्या कादंबरीचं हस्तलिखित तुमच्याकडे असेल तर त्याच्या दोन-तीन छायाप्रती आमच्याकडे पाठवा. लेखकाचं नाव झाकून पाठवलंत तर बरं. मुलं वाचतील आणि समासात लिहितील : कुठे कंटाळा आला, कुठला माणूस खोटा वाटला, कुठलं पान दोनदा वाचलं. मी त्यात एक अक्षर बदलणार नाही, व्याकरणही नीट करणार नाही. परतीचा टपालखर्च वाचनालय करील. मार्चअखेर पोचलं तर परीक्षा संपताच वाचून होईल. ते ऐकून पुस्तक काढलंत, तर पहिल्या पाच प्रती आम्ही छापील किमतीला घेऊ. सवलत नको.

कळावे,

आपली विश्वासू,
बालविभागाची ग्रंथपाल,
तालुक्याच्या गावातलं एक सार्वजनिक वाचनालय